बारक्याचं घराणं

आमच्या स्वयंपाकघरातला पाण्याचा माठ एका बाजूला कलायला लागला, तेव्हा कौसल्येला वाटलं भूकंप झाला. त्यात तिची चूक नव्हती. लातूरकडच्या भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि अंबडमध्ये कुणाच्या हातून ताट पडलं तरी शेजारची माणसं अंगणात येऊन उभी राहत. मी गणिताचा शिक्षक. मी माठाखाली लाकडाची चकती सरकवली, एक डोळा मिटून पातळी पाहिली आणि भूकंप नसल्याचं जाहीर केलं. आठवड्याभरात माठ चकतीसकट पुन्हा कलला. मग मी फरशीवर बोटानं ठोकून पाहिलं. खालून ढोलकीसारखा आवाज आला.

घुशी होत्या. न्हाणीच्या मागं, सांडपाणी जातं तिथं, माझं डोकं आत जाईल एवढं बीळ होतं. घर बांधून पुरती तीन वर्षं झाली नव्हती. पॉलिश केलेली ती फरशी कौसल्येनं स्वतः जालन्याला जाऊन, दुकानदाराला एकेक लादी उन्हात धरायला लावून निवडली होती. एवढ्या निवडीनं तिनं मलाही पाहिलं नव्हतं. त्या फरशीखाली आता कुणीतरी दुसरंच राहत होतं.

अशा वेळी शेजारी मच्छिंद्र पुढं येतो. त्याचं पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान आहे, पण मोटार एका वेळी एकाचीच जळते आणि सल्ला सगळ्या गल्लीला लागतो, त्यामुळं त्याचा वेळ बहुतेक सल्ल्यात जातो. त्यानं सांगितलं, बिळात काचा टाका. टाकल्या. घुशींनी त्या रात्रीतून बाहेर काढून एका बाजूला रचून ठेवल्या. त्यानं पिंजरा लावायला सांगितला. पिंजऱ्यात त्याचंच मांजर सापडलं. मग त्यानं मिरच्यांची धुरी सांगितली. ती मात्र बराबर लागू पडली. फक्त धूर माझ्या घरातून न निघता मच्छिंद्रच्या स्वयंपाकघरातून निघाला, आणि त्याच्या घरची माणसं दुपारभर रस्त्यावर बसून शिंकत होती. त्यानंतर काही दिवस सल्ले बंद होते.

मी सरकारी मार्गानंही गेलो. कार्यालयांची नावं घेत नाही, कारण मला तिथं पुन्हा कामं पडतात. पहिल्या ठिकाणी म्हणाले, घूस हा शेतीचा शत्रू आहे, शेतीवाल्यांकडं जा. शेतीवाल्यांनी विचारलं, पीक कोणतं. मी म्हणालो, फरशी. त्यांनी मला आरोग्यवाल्यांकडं पाठवलं. तिथले साहेब समजुतीनं म्हणाले, "गुरुजी, घूस आजारी हाय का? न्हाई ना? मंग आमचा संबंध न्हाई."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सप्टेंबरात शेजारच्या बीड जिल्ह्यातून प्लेगच्या बातम्या यायला लागल्या. उंदीर हा शब्द माणसं आवाज खाली करून बोलायला लागली. कौसल्येनं एका सकाळी पिशवी भरली.

"मी धावड्याला माहेरी जाते," ती म्हणाली. "घुशी गेल्या की कळवा."

मी तिला पंधरा दिवसांची मुदत मागितली. ती कशाच्या जोरावर मागितली हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. पण दाताच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसलो असताना एका जुन्या मासिकात मला टेरियर भेटला.

मासिकात लिहिलं होतं की कुत्र्याची ही विलायती जात पिढ्यान्पिढ्या एकाच कामासाठी वाढवलेली आहे. जमिनीत घुसायचं, बिळातल्या जनावराला गाठायचं आणि निकाल लावायचा. शिकवावं लागत नाही, रक्तातच असतं. ते वाचून दाढेचं दुखणं थांबलं. डॉक्टरांनी ती तरीही काढली.

कौसल्या म्हणाली, "आपल्या गल्लीत काय कुत्रे कमी हायत का?"

मी तिला घराणं म्हणजे काय ते समजावलं. गल्लीतल्या कुत्र्याला स्वतःचा बाप माहीत नसतो, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार. ती गप्प राहिली. गप्प राहण्याचा अर्थ होकार असतो, असं मी धरून चाललो.

पुण्यात एक निवृत्त कर्नल फॉक्स टेरियर पाळत. त्यांच्या बंगल्यावर माझी तासभर मुलाखत झाली. घरी कोण कोण असतं, अंगण आहे का, चढ्या आवाजात बोलता का. कौसल्येच्या वडिलांनी मला एवढं विचारलं नव्हतं. मग कर्नलसाहेबांनी कुत्र्याची वंशावळ उलगडली. पाच पिढ्या, प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाच्या नावापुढं बक्षिसं. माझ्या पणजोबांच्या वडिलांचं नाव मला सांगता येत नाही. इथं वर्षाच्या कुत्र्याच्या खापरपणज्यानं कोणत्या शहरात पदक घेतलं ते छापलेलं होतं. पदकं कशाची होती हे मी विचारलं नाही. घराण्याला असलं काही विचारायची आपल्याकडं रीत नाही. किंमत मी कौसल्येला सांगितली नाही, तेव्हा तुम्हालाही सांगत नाही.

कुत्रा पांढराशुभ्र, एका डोळ्याभोवती काळा डाग, कान पुढं मुडपलेले. कागदावर त्याचं नाव 'बॅरन ऑफ ग्रीनहिल' होतं. एसटीत कंडक्टर त्याच्याकडं पाहून विचारात पडला.

"याला कशात धरू?" त्यानं मला विचारलं. मला माहीत नव्हतं. मागच्या सीटवरच्या माणसानं 'सामानात' सुचवलं, दुसरा म्हणाला, 'अर्धं तिकीट'. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "कोकरू धरा की. पांढरंच हाय." पाच पिढ्यांची पदकं घेऊन बॅरन कोकरू म्हणून जालन्याला उतरला. अंबडला पोचेपर्यंत तो ब्यारन झाला होता. कौसल्येनं त्याला दारातच आपादमस्तक पाहिलं, एक भाकरीचा तुकडा टाकला आणि त्याचं नाव बारक्या ठेवलं. त्या नावाला त्यानं लगेच शेपूट हलवली.

रविवारी सकाळी प्रात्यक्षिक ठेवलं. ठेवलं म्हणजे मी एकट्या मच्छिंद्रला बोललो होतो. गल्ली आपोआप जमली. काही जण काठ्या घेऊन आले, घुशी पळाल्या तर असाव्यात म्हणून. एकानं खुर्ची आणली. मी बारक्याला बिळाच्या तोंडाशी नेलं आणि पट्टा सोडला. बादलीभर पाणी आत ओतल्यावर थोड्या वेळानं घूस बाहेर आली. मांजराएवढी, भिजलेली आणि चिडलेली.

बारक्यानं तिला पाहिलं. मग त्यानं चारही पाय नेमके रोवले, मागचे जरा लांब घेतले, मान ताठ केली, शेपूट सरळ वर उभी केली आणि तो पुतळ्यासारखा स्थिर झाला. पापणीसुद्धा हलेना. फार देखणा दिसत होता. घूस त्याच्या नाकासमोरून चालत गेली, वळली, पुन्हा त्याच्याकडं पाहिलं आणि मच्छिंद्रच्या कुंपणात शिरली.

काठ्या खाली आल्या. मग खुर्चीवाला म्हणाला, "नेम धरून राह्यला असंल." त्यावर गल्ली सावकाश पांगली. माझ्या पाठीवर कुणी हात ठेवला नाही, पण प्रत्येकाच्या मनात तो होता.

गुरांच्या दवाखान्यात मी त्याला दाखवून आणला. तिथल्या डॉक्टरांनी दात पाहिले, पंजे पाहिले आणि जनावर ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग एसटीडी बूथवरून कर्नलसाहेबांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर ते अभिमानानं म्हणाले, "उभा कसा राहिला? मागचे पाय लांब? शेपूट सरळ? शाब्बास. त्याचा आजा असाच उभा राहायचा, म्हणून तर पदकं." तेव्हा मला कळलं की पदकं उभं राहण्याची होती. बीळ आणि घूस या गोष्टी त्या घराण्यानं पाच पिढ्यांपूर्वीच सोडल्या होत्या. मी तसं हळूच बोलून दाखवलं, तर साहेबांचा आवाज कडक झाला. "रक्त खोटं बोलत नाही. कुत्रा मालकाचा वकूब पाहून काम करतो. तुमच्या घराण्यात कुणी शिकारी होतं का?" बूथवाला माझ्याकडं पाहत होता. मी 'पाहून सांगतो' म्हणून फोन ठेवला.

शाळेत ही बातमी माझ्या आधी पोचली होती. आमच्याकडं विज्ञान शिकवणारा देवानंद माझा जुना मित्र आहे. मधल्या सुट्टीत तो डबा उघडता उघडता म्हणाला, "तातेराव, आठवीला मी रक्त शिकवतो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, बाकी खारट पाणी. उंदीर मारणं त्यात मला कुठं सापडलं न्हाई."

सगळे हसले, मीही हसलो. संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे सोबत घरी निघालो. वाटेत तो म्हणाला, "माझ्या आज्याबद्दल तुमच्याकडची माणसं म्हणायची, गावातली मेलेली ढोरं ओढणं याच्या रक्तातच हाय. छप्पनमधी आज्यानं ते काम सोडलं. दुसऱ्या दिवशी उठला, आंघोळ केली आन् रोजगार पाहायला घनसावंगीला गेला. रक्ताला पत्ता बी लागला न्हाई."

तो हे रागानं बोलला नाही. हवापाण्याचं बोलावं तसा बोलला आणि पानटपरीवर थांबला. 'तुमच्याकडची माणसं' म्हणजे कोण, हे मला विचारायची गरज नव्हती. गावची पाटीलकी आमच्याच घरात होती. मी कुत्र्याची वंशावळ पाहून इतका का भारावलो होतो, हा प्रश्न त्या दिवशी मला पहिल्यांदा पडला. माणसाचं काम आधीच ठरलेलं आहे असं मानलं की पुढचं सगळं सोपं जातं. मानणाऱ्याला, अर्थात.

आणि खरं पाहता रक्ताच्या सिद्धांताला माझ्याइतका उघडा अपवाद आमच्या तालुक्यात नसेल. माझे वडील पुंजाराम, आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांनी दगडात पेरलं तरी उगवतं, असं गोदाकाठच्या आमच्या गावात अजून बोललं जातं. त्यांच्या आधीच्या पिढ्याही तशाच. मी त्यांचा एकुलता मुलगा. एकदा मी वखर धरला तेव्हा बैलांनी मला बांधापर्यंत नेलं आणि तिथं सोडून दिलं. त्यानंतर आबा मला शेतात चल म्हणाले नाहीत. बी.एस्सी. झालो, नोकरी लागली, घर बांधलं. प्रत्येक वेळी ते 'बरं झालं' एवढंच म्हणाले.

हे आबा त्याच आठवड्यात बांधाच्या दाव्याच्या तारखेसाठी अंबडला आले. तारीख पुढं गेल्ती, म्हणून राहिले. ओसरीत बसून त्यांनी बारक्याला न्याहाळलं.

"हे काय करतं?"

"घुशी मारतं," मी म्हणालो. "म्हणजे याचं घराणं मारायचं."

"आन् हे?"

"यानं अजून सुरुवात केली न्हाई."

आबांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, "असतं तसं." हे बोलताना ते कुत्र्याकडं पाहत नव्हते.

मुदतीचा शेवटचा रविवार उजाडला. कौसल्येची पिशवी दाराशी होती. सकाळी चहा झाल्यावर बारक्या अंगणात दिसेना. आधी आम्हाला वाटलं, गेटमधून गेला असेल. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन हाका मारून आलो. परत आलो तेव्हा कौसल्या स्वयंपाकघरात खाली वाकून फरशीला कान लावून होती.

"खाली हाय," ती म्हणाली.

खालून भुंकण्याचा आवाज येत होता, बारीक, पोत्यात घातल्यासारखा. न्हाणीमागच्या बिळाशी मातीचा ताजा ढीग पडला होता. घूस दिसली म्हणून तो आत गेला, की नुसता मातीचा वास आला म्हणून, कुणी पाहिलं नाही. गेला होता एवढं खरं, आणि त्याला निघता येत नव्हतं. आम्ही बिळाशी भाकरी धरली, नाव घेऊन हाका मारल्या, दोन्ही नावं घेऊन मारल्या. भुंकणं हळूहळू विरळ झालं.

मच्छिंद्र गवंड्याला आणायला सायकलवर गेला आणि गवंडी लग्नाला गेलाय हे घेऊन परत आला. मी एका कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, आज रविवार आहे, उद्या अर्ज द्या, आणि अर्जात जनावर पाळीव की जंगली ते लिहा. तोवर खालचा आवाज थांबला होता.

मी फरशीकडं पाहिलं, मग कौसल्येकडं. तिची ती फरशी. ती उठली, पिठाचे डबे उचलून बाहेर नेले, माठ रिकामा केला, पदर खोचला आणि म्हणाली, "फोडा."

"सगळी फरशी जाईल," मी म्हणालो.

"दिसून राह्यलं मला. फोडा."

मच्छिंद्रनं पहार आणली. आबांचे गुडघे गेलेले, त्यांना वाकता येईना. मच्छिंद्रचा हात मोटार उचलताना लचकलेला. पहार माझ्या हातात आली. आबा म्हणाले, ओट्याखाली मार. मी मारली, तिथं भरीव मुरूम निघाला. मच्छिंद्र म्हणाला, दारापाशी पोकळ लागतं. तिथंही फोडलं, तिथं त्याच्याच काचांपैकी एक सापडली. कौसल्या म्हणाली, "माठ जिथं कलत होता तिथं मारा ना," आणि आम्ही तिघं पुरुष एकमेकांकडं पाहत राहिलो.

त्या जागी लादी दुसऱ्या घावालाच खाली गेली. पुढं पायाचे दगड होते, तिथं पहार चालवता येईना, कुत्र्याला लागली असती. मी पहार टाकली आणि हातानं माती उपसायला लागलो. कौसल्या घमेलं भरून देत होती, मच्छिंद्र बाहेर टाकत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी घुशी नव्हत्या, प्लेग नव्हता, घराणं तर बिलकुल नव्हतं. एक केसाळ, गरम अंग हाताला लागलं आणि ते हललं.

दोन दगडांच्या फटीत तो कमरेशी अडकला होता. तोंड पलीकडच्या पोकळीत, शेपूट माझ्याकडं. दगड सैल करून मी त्याला ओढून काढलं. पांढरा रंग कुठंच उरला नव्हता. नाकावर घुशीच्या दातांची खोल जखम होती. पोकळीत चिंध्या, साबणाची वडी आणि माझा एक मोजा होता. घूस नव्हती.

कौसल्येनं त्याला मांडीवर घेऊन नाक हळदीनं भरलं. तो थरथरत होता, तरी मान वळवून खड्ड्याकडं पाहत होता. मी त्या जखमेचा नंतर पुष्कळ विचार केला. घूस समोर होती, तिनं चावा घेतला, आणि हा मागं हटला नाही, हे खरं. पण मागं हटायला जागाच नव्हती, हेही खरं. त्याला पळायचं होतं की नव्हतं, हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही. शूर म्हणून नाव झालेल्या किती जणांच्या मागं असाच एखादा दगड असेल.

पुढं गवंडी आला. त्यानं सगळी फरशी काढली, बिळं दगड आणि सिमेंटनं बुजवली, खाली काँक्रीट टाकलं. आबा त्याच्या डोक्यावर खुर्ची टाकून बसले. घुशी गेल्या. जातीलच, राहायला जागाच उरली नव्हती. कौसल्येनं पिशवी रिकामी केली आणि नवी फरशी निवडायला पुन्हा जालन्याला जाऊन आली.

आठ दिवसांनी मच्छिंद्र आला. आज त्याचा आवाज वेगळा होता, अदबीचा. "सर, घुशी आमच्याकडं आल्या. ब्यारनला दोन दिवस द्या."

मी त्याला खरं सांगितलं. म्हणालो, "मच्छिंद्र, तू सोता तिथं हजर होतास. यानं घूस मारली न्हाई. हा अडकला होता. घुशी गवंड्यामुळं गेल्या."

मच्छिंद्र हसला. "खानदानी हायत तुम्ही दोघं," तो म्हणाला. "खानदानी माणूस आपल्या तोंडानं सांगत नसतो." आणि बारक्याला काखेत घेऊन निघाला. महिन्याभरात बाजारातल्या दोन धान्यवाल्यांनी पिल्लांसाठी नाव नोंदवून ठेवलं. मी दोघांनाही खरं सांगितलं, आणि प्रत्येक वेळी कुत्र्याची कीर्ती थोडी वाढली.

देवानंदला हे कळलं तेव्हा तो चहाचा कप खाली ठेवून बराच वेळ हसला. मग म्हणाला, "काम केलं पहारीनं, नाव झालं घराण्याचं. जुनीच पद्धत हाय, तातेराव."

फरशी बसल्यावर आबा गावाकडं निघाले. मी त्यांना घनसावंगीच्या जीपपर्यंत सोडायला गेलो. जीप भरायची होती. आम्ही सावलीला उभे होतो. आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला फारसं काही नसतं.

"हात दाखव," ते अचानक म्हणाले.

मी दाखवले. त्यांनी दोन्ही हात उलटे करून तळवे पाहिले, अंगठ्यानं दाबून पाहिले. फोड फुटून सुकत आले होते, कातडी निघत होती.

"जातील चार दिवसांत," मी म्हणालो.

"जातील की," आबा म्हणाले. "पण आल्ते." आणि पिशवी काखेला मारून जीपमध्ये चढले.